जुना लॅपटॉप आणि डेस्कटॉप काढून एकच वेगवान लॅपटॉप घेताना

टेबलावर एक जुना डेस्कटॉप, बॅगेत एक जुना लॅपटॉप आणि दोन्ही रखडत चालणारे. अशा वेळी दोन्ही काढून एकच चांगला लॅपटॉप घ्यावा, हा विचार बरोबर आहे. गेल्या काही वर्षांत लॅपटॉपचे प्रोसेसर इतके सुधारले आहेत की बहुतेकांना टेबलासाठी वेगळं मशीन लागत नाही. पण नवा लॅपटॉप निवडणं हे यातलं निम्मं कामसुद्धा नाही. दोन ठिकाणी विखुरलेल्या फाइल्स एकत्र आणायच्या असतात, टेबलावरची मांडणी नव्याने लावायची असते. शिवाय दोन मशिनं असल्यामुळे आजवर नकळत मिळणारी एक सोय असते, तिचं काय करायचं हे ठरवायचं असतं. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर काम निघत होतं, इथे उडालेली फाइल तिथे सापडत होती. नवा लॅपटॉप आला आणि जुनी दोन्ही गेली, की ही सोय त्याच दिवशी संपते.

म्हणून पहिला सल्ला पैशांचा. ठरवलेली सगळी रक्कम लॅपटॉपवर घालू नका. बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड-माउस, डॉक (एका केबलने हे सगळं लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल डिस्क यांचा खर्च आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत लॅपटॉप बसवा. वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेऊन बॅकअपची डिस्क पुढच्या महिन्यावर ढकलणं हा या व्यवहारातला सगळ्यात महाग पडू शकणारा निर्णय आहे.

आधी बघा, नेमकं मंद काय आहे

खरेदीच्या आधी दोन्ही जुन्या मशिनांवर रोजचं काम सुरू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात जा. तिथले आकडे नव्या लॅपटॉपची गरज कुठल्याही जाहिरातीपेक्षा चांगली सांगतात.

समजा, डेस्कटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. ब्राउझरच्या वीसेक टॅब, ईमेल आणि एक मोठी एक्सेल फाइल उघडी आहे. मेमरीच्या पानावर ७.५ जीबी वापरात दिसतात आणि खाली ‘कमिटेड’समोर १३/१६ असं काहीतरी दिसतं. तुमच्या प्रोग्रामांनी एकूण सुमारे १३ जीबीची मागणी केली आहे आणि जे रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवर नेऊन टाकते आहे, असा त्याचा अर्थ. अशा माणसाने १६ जीबीच्या खाली जाऊच नये, आणि लॅपटॉप पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर ३२ जीबीचा विचार करावा.

आता डिस्कचं पान. डिस्क १०० टक्के व्यस्त, पण वेग मात्र सेकंदाला दोन-चार एमबी, असं दिसत असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. ही डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण विखुरलेल्या लहान फाइल्स वाचताना कोलमडते. तिच्या जागी साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली तरी जुनं मशीन ओळखू येणार नाही इतकं फरकाने चालतं. तेवढ्याने काम भागणार असेल तर नवीन खरेदी पुढे ढकला, असंच मी सांगेन.

याला एक मोठी मर्यादा आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. म्हणजे २०१७ च्या आधीचं मशीन एसएसडीने पळायला लागलं, तरी विंडोजवर ते सुरक्षितपणे फार काळ चालवता येणार नाही. आर्थिक व्यवहार आणि महत्त्वाची कागदपत्रं ज्यावर आहेत त्या मशीनच्या बाबतीत ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

याच बैठकीत एका कागदावर आणखी काही लिहून ठेवा: दोन्ही मशिनांत मिळून किती जीबी डेटा आहे, डेस्कटॉपला काय काय जोडलेलं आहे आणि अशी कोणती कामं आहेत जी फक्त डेस्कटॉपवरच होतात. जुना स्कॅनर, डीव्हीडी ड्राइव्ह, एखाद्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालण्यासाठी खोचावी लागणारी यूएसबी किल्ली), तारेचं नेटवर्क, दुसरा मॉनिटर. निवड करताना हा कागद हाताशी लागणार आहे.

निवड: नावावर जाऊ नका

डेस्कटॉपचा प्रोसेसर साधारण ६५ वॅट किंवा जास्त वीज वापरण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याला मोठा पंखा असतो. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर बहुधा १५ ते २८ वॅटच्या हिशेबाने चालतो. त्यामुळे ‘आय ७’ किंवा ‘रायझन ७’ हे नाव दोन्हीवर असलं तरी दोघांची ताकद सारखी नसते. नावाच्या शेवटचं अक्षर पाहा. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, ‘एच’ किंवा ‘एचएस’ म्हणजे जास्त ताकदीचा, ‘एचएक्स’ म्हणजे बहुधा डेस्कटॉपच्या जवळ जाणारा, पण जाड आणि आवाज करणारा लॅपटॉप.

एएमडीच्या ७००० मालिकेत तर आकडे नीट वाचावेच लागतात. तिथे तिसरा आकडा प्रोसेसरची खरी पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावं एकाच घरातली वाटतात. पण पहिला जुन्या झेन २ रचनेचा, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आहे आणि दुसरा झेन ४ रचनेचा, सहा कोरचा. दुकानातल्या पाटीवर दोन्हीसमोर फक्त ‘रायझन ५’ लिहिलेलं असू शकतं. पूर्ण नंबर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमचा डेस्कटॉप दहा-बारा वर्षांपूर्वीचा चार कोरचा असेल, तर आजचा कोणताही मध्यम श्रेणीचा लॅपटॉप त्याला सहज मागे टाकेल. डेस्कटॉप २०१९-२० नंतरचा, आठ कोरचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला असेल तर मात्र थांबा. पातळ लॅपटॉप पहिली एक-दोन मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. कागदपत्रं, ब्राउझर, हिशेब या कामांत हे जाणवत नाही, कारण ती कामं तुकड्या-तुकड्यांत होतात. अर्धा तास चालणारा व्हिडिओ एक्स्पोर्ट किंवा थ्रीडी रेंडर करणाऱ्याला लगेच जाणवतं. अशांनी ज्या परीक्षणांत सलग वीस-तीस मिनिटं भार देऊन वेग मोजला आहे, तीच वाचावीत.

ग्राफिक्स कार्डाचंही असंच. आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉपमधली आवृत्ती ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशीही बसवलेली असू शकते. नाव एकच, पण वेगात मोठा फरक. हा वॅटचा आकडा कंपनीच्या सविस्तर माहितीपत्रकात असतो, तो शोधा. गेम, व्हिडिओ किंवा थ्रीडी यांपैकी काहीच करत नसाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. वजन, उष्णता आणि खर्च तिन्ही वाचतात.

रॅमबद्दल एकच प्रश्न विचारा: ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये असते आणि मग ती नंतर वाढवता येत नाही. तशी असेल तर लागणारी सगळी रॅम आजच घ्यावी लागते. स्लॉट असतील तर एक पट्टी आहे की दोन, हेही पाहा. एकाच पट्टीवर मेमरीचा वेग निम्म्यावर येतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला ते चांगलंच जाणवतं.

साठवणीसाठी दोन्ही मशिनांतला डेटा एकत्र करा आणि त्यात निम्मा आणखी मिळवा. बहुतेकांचा हिशेब १ टीबीवर येतो. सेकंदाला ३,५०० एमबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडी आणि ७,००० एमबीची एसएसडी यांतला फरक रोजच्या कामात कळत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दुसरी एसएसडी बसवायला मोकळा स्लॉट असेल तर ती मात्र खरी कामाची गोष्ट.

स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून बाजारात आहेत. बॅटरी उत्तम टिकते आणि नेहमीचे बहुतेक प्रोग्राम चालतात. पण ही एआरएम रचना आहे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. प्रोग्राम भाषांतरित होऊन चालू शकतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत. मघाच्या कागदावर जुना स्कॅनर, खास प्रिंटर किंवा डोंगल लिहिलं असेल तर त्याचा एआरएम ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे आधी तपासा. नसेल तर हा लॅपटॉप तुमच्यासाठी नाही.

मॅक घेणाऱ्यांनी बाहेरच्या मॉनिटरांची संख्या पाहावी. एम१ आणि एम२ च्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. एम३ च्या एअरला दोन चालतात, पण झाकण बंद ठेवून. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्याने स्वस्तात मिळतो म्हणून जुना एम१ घेतला तर पहिल्याच दिवशी अडतं.

टेबलावरची मांडणी, म्हणजे खरं तर पोर्ट आणि केबल

माझ्या मते एक लॅपटॉप दोन मशिनांची जागा घेऊ शकेल की नाही, हे प्रोसेसरपेक्षा इथे ठरतं. टेबलाशी आल्यावर एक केबल खोचली की मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क आणि चार्जिंग सगळं सुरू व्हायला हवं. रोज पाच वायरी काढा-घाला करायला लागल्या, तर महिन्याभरात मॉनिटर बाजूला पडतो आणि माणूस लहान स्क्रीनवर मान वाकवून काम करू लागतो.

यूएसबी-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचं नाव आहे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पोर्टांपैकी एक चार्जिंग, व्हिडिओ आणि डेटा तिन्ही देतो आणि दुसरा फक्त ५ जीबीपीएसने डेटा नेतो, असं सर्रास आढळतं. माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द त्या पोर्टसमोर स्पष्ट लिहिलेले हवेत. थंडरबोल्ट ४ असेल तर फारसं तपासावं लागत नाही. तो ४० जीबीपीएसचा असतो आणि दोन फोर-के मॉनिटर चालवण्याची क्षमता त्याच्या अटींतच आहे.

केबलही सारख्या नसतात. फोनबरोबर आलेली सी-टू-सी केबल बहुधा चार्जिंगपुरती असते, डेटा यूएसबी २ च्या वेगाने नेते आणि तिच्यातून मॉनिटर चालत नाही. ‘मॉनिटर लागत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. डॉकबरोबर आलेली केबल वापरा आणि तिच्यावर खूण करून ठेवा, म्हणजे ती फोनच्या केबलींत मिसळणार नाही.

नवा मॉनिटर घेणारच असाल तर यूएसबी-सीने ६५ ते ९० वॅट चार्जिंग देणारा आणि मागे यूएसबीचे पोर्ट असलेला घ्या. वेगळा डॉक लागतच नाही. जुनाच मॉनिटर ठेवायचा असेल तर त्याचा सॉकेट बघा. डीव्हीआय असेल तर एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल बहुधा पुरते. व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतो, कारण तिथे डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करावं लागतं. फोर-के मॉनिटरला एचडीएमआय १.४ चा स्वस्त डॉक लावला तर चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतं. माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दोष नव्या लॅपटॉपला दिला जातो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट घ्या. एका डॉकवर दोन मॉनिटर लावायचे असतील तर मॅकवाल्यांनी डॉक मॅकसाठी आहे याची खात्री करावी. विंडोजवर दोन वेगळी चित्रं देणारे अनेक स्वस्त डॉक मॅकवर दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दाखवतात.

मांडणी झाली की दोन सेटिंग लगेच करा. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, चार्जर जोडलेला असताना झाकण बंद केल्यावर काहीही करू नये, असं ठरवा. म्हणजे झाकण मिटून लॅपटॉप उभ्या स्टँडवर ठेवता येतो. फक्त हवा बाहेर जाण्याच्या फटी मोकळ्या राहू द्या. दुसरं म्हणजे चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ही सोय बहुधा असते. लिथियम-आयन बॅटरी दिवसरात्र १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. टेबलावरच्या लॅपटॉपच्या नशिबी नेमकं तेच येतं.

नवा लॅपटॉप आल्यावर पहिले दोन दिवस

डेटा हलवण्याच्या आधी मशीन तपासा, कारण परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत थोडी असते. स्क्रीनवर पूर्ण काळं, पांढरं, लाल चित्र आणून मेलेले पिक्सेल बघा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी खोचून बघा. कीबोर्डचं प्रत्येक बटण, कॅमेरा, माइक, वायफाय, झोपवून उठवणं हे सगळं तपासा. रॅम आणि प्रोसेसरचा नंबर बिलाशी जुळवा. सगळे अपडेट करून घ्या. आणि त्याच मांडणीवर, त्याच मॉनिटरवर एक पूर्ण दिवस काम करून बघा.

आणखी एक, न विसरता: मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय) आपोआप सुरू होतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात साठते. ती शोधून कागदावर उतरवा आणि लॅपटॉपपासून वेगळी ठेवा. बायोस अपडेटनंतर किंवा बोर्ड बदलल्यावर मशीन ही की मागू शकतं. तेव्हा ती नसेल तर आतला डेटा कोणालाही काढता येत नाही. जुन्या लॅपटॉपवरही एन्क्रिप्शन असू शकतं, त्याची कीही आत्ताच काढून ठेवा.

दोन मशिनांचा डेटा एकत्र आणणं

इथे घाई केली की नुकसान होतं. नियम एकच: आधी सगळं जसंच्या तसं उतरवा, निवडानिवड नंतर. ‘नवीन मशीनवर फक्त कामाचं घेऊ’ म्हणून जुन्या मशीनवरच साफसफाई सुरू केली की हमखास काहीतरी मागे राहतं किंवा उडतं.

एका एक्स्टर्नल डिस्कवर दोन फोल्डर करा, ‘जुना डेस्कटॉप’ आणि ‘जुना लॅपटॉप’. विंडोजच्या नव्या डिस्कसाठी एनटीएफएस फॉरमॅट ठेवा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि मोठे व्हिडिओ मागे पडतात. मग प्रत्येक मशीनवरून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स ही नेहमीची फोल्डरं तर घ्याच, पण खरी काळजी पुढच्या जागांची. डी ड्राइव्ह आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी कोणीतरी केव्हातरी केलेली फोल्डरं. त्या मशीनवरची दुसऱ्या माणसांची यूजर खाती. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, जे बऱ्याचदा प्रोग्रामच्या शेजारीच असतं. त्याचा बॅकअप त्या सॉफ्टवेअरमधूनच काढलेला चांगला. आणि फाँट. यूनिकोडच्या आधीच्या काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं असतील, तर ती फाँट फाइल बरोबर नेली नाही की नव्या लॅपटॉपवर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात.

ईमेल ब्राउझरमध्ये वाचत असाल तर प्रश्न नाही. आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरत असाल तर खातं आयमॅपचं (पत्रं सर्व्हरवरच राहतात) आहे की पॉपचं, हे बघा. पॉपच्या खात्यात पत्रं मशीनवर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकण्याची पद्धत असते. म्हणजे जुनी पत्रं जगात फक्त त्या एका डेस्कटॉपवर असू शकतात. आउटलुक बंद करून त्याची पीएसटी फाइल (पत्रं तिच्यातच साठलेली असतात) उचला. दोन्ही मशिनांवर पॉप लावलेलं असेल तर दोन्हीकडच्या फाइल घ्या, कारण पत्रं दोघांत वाटली गेलेली असतात.

क्लाउडमधल्या फोल्डरचा आणखी एक घोळ असतो. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव दिसतं, पण शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, फक्त ऑनलाइन आहे. कॉपी करण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून ती कायम याच मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

वेळेचा अंदाज घेऊन सुरुवात करा. ५०० जीबी डेटा यूएसबी २ च्या पोर्टमधून सेकंदाला साधारण ३५ एमबीच्या वेगाने चार तास घेतो. डेस्कटॉपच्या मागचा निळ्या रंगाचा यूएसबी ३ पोर्ट सापडला तर हेच काम दीड तासाच्या आसपास होतं, तेही मोठ्या फाइल्स असतील तर. लाखभर लहान फाइल्स असतील तर रात्रभर चालू ठेवा आणि स्लीप बंद करा. कॉपीसाठी टेराकॉपीसारखा पडताळणी करणारा प्रोग्राम किंवा विंडोजमधलाच रोबोकॉपी वापरला, तर काय गेलं नाही याची यादी मिळते.

डेस्कटॉप सुरूच होत नसेल तर त्याची डिस्क काढून यूएसबी-साटा अ‍ॅडॅप्टरने नव्या लॅपटॉपला जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर असलेलाच घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिच्यावर दुरुस्तीचे कोणतेही प्रोग्राम चालवू नका. सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी उचला. तेही जमत नसेल तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

दोन्ही फोल्डरं एक्स्टर्नल डिस्कवर आली की प्रत्येकाच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार मूळ फोल्डरशी जुळवा, दहा-वीस फाइली उघडून बघा. मगच ती नव्या लॅपटॉपवर आणा, आणि तिथेही वेगवेगळीच ठेवा. एकात दुसरं ओतू नका. समजा ‘हिशेब’ नावाची फाइल दोन्हीकडे आहे. ओतताना विंडोज विचारेल, जुनी बदलायची, सोडायची की तुलना करायची. थकलेल्या माणसाने ‘सगळ्या बदला’ दाबलं की एका बाजूचे आकडे कायमचे जातात. अशा फाइलींची ‘मॉडिफाइड’ तारीख पाहा. ‘क्रिएटेड’ तारखेवर जाऊ नका, कारण कॉपी केल्यावर ती कॉपीच्या दिवसाची होते. आणि नंतरची तारीख म्हणजे पूर्ण फाइल असंही धरू नका. मार्चपर्यंतच्या नोंदी डेस्कटॉपवर आणि एप्रिलच्या लॅपटॉपवर असं असू शकतं. मजकुराच्या फाइली विनमर्जमध्ये शेजारी-शेजारी लावून बघता येतात, एक्सेलच्या फाइली दोन खिडक्यांत उघडून डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

बाकी सगळं लावण्याचा हट्ट धरू नका. नवीन, साधी फोल्डरं करा आणि ज्याचं काम पडेल ते जुन्या फोल्डरातून उचलून आणा. फोटोंच्या दुहेरी प्रती चकावकासारख्या (Czkawka) प्रोग्रामने शोधता येतात. पण पूर्ण सारख्या असलेल्या फाइलीच काढा, ‘दिसायला सारख्या’ फोटोंना हात लावू नका. त्यात कमी दर्जाची प्रत ठेवून मूळ फोटो काढला जाण्याचा धोका असतो.

पासवर्ड, लायसन्स आणि दोन आठवडे

जुनी मशिनं पुसण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात नव्या लॅपटॉपवरून लॉगिन करून बघा. ब्राउझरमधले पासवर्ड सिंकने येतात. फाइलीत एक्स्पोर्ट केले असतील तर ती फाइल साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत असते, काम झालं की लगेच डिलीट करा आणि रीसायकल बिनही रिकामं करा. विंडोज हॅलोने जुन्या लॅपटॉपवर बनवलेल्या पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) त्या मशीनला बांधलेल्या असू शकतात. नव्या लॅपटॉपवर नवीन पासकी नोंदवा आणि मगच जुनं मशीन खात्यातून काढा.

जुन्या मशीनबरोबर आलेली विंडोजची आणि ऑफिसची ओईएम लायसन्सं त्या मशीनबरोबरच राहतात. वेगळं विकत घेतलेलं लायसन्स बहुधा हलवता येतं. डिझाइन किंवा हिशेबाच्या ज्या सॉफ्टवेअरला ठरावीक मशिनांचीच मुभा असते, ते जुन्या मशीनवर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. डिस्क पुसल्यावर ते करायला कस्टमर केअरच्या मागे लागावं लागतं.

यानंतर दोन आठवडे सगळं काम फक्त नव्या लॅपटॉपवर करा. जुनी मशिनं जवळ असू द्या, पण ज्या ज्या वेळी ती उघडावी लागतील त्याची नोंद करा. ती नोंद म्हणजे राहिलेल्या गोष्टींची यादी.

दोनाचं एक झालं, आता बॅकअप

एका एक्स्टर्नल डिस्कवर फाइल हिस्टरी (विंडोजची) किंवा टाइम मशीन (मॅकची) ही बॅकअपची सोय लावा आणि ती डिस्क डॉकलाच जोडून ठेवा, म्हणजे टेबलाशी बसलात की बॅकअप आपोआप होतो. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडा, प्रत काढा आणि तिला दुसऱ्या जागी ठेवा. चोरी, आग, पाणी किंवा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस यांत जोडलेली डिस्कही लॅपटॉपबरोबरच जाते, म्हणून ही दुसरी. क्लाउड सिंक असला तरी बॅकअप लागतोच. इथे चुकून उडवलेली फाइल सिंक तिथूनही उडवतो आणि उडवलेल्या फाइली परत मिळण्याची मुदत ठरावीकच असते. बॅकअप सुरू झाल्यावर त्यातून एखादं फोल्डर खरोखर परत आणून बघा. हे न करता बॅकअपवर विश्वास ठेवू नका.

लॅपटॉप दुरुस्तीला गेला तर काम कशावर करणार, याचंही उत्तर आत्ताच हवं. माझं मत असं की जुना डेस्कटॉप द्यावा आणि जुना लॅपटॉप, बॅटरी ठीक असेल तर, ठेवावा. त्यावर लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स टाकला की ब्राउझरची कामं सुरक्षितपणे निघतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा अपडेट करून तो अर्धा चार्ज ठेवा.

जुनी मशिनं देताना

दोन्ही डिस्कची पूर्ण प्रत, तपासलेली, दोन ठिकाणी आहे याची खात्री झाल्यावरच पुसायला घ्या. घाई नसेल तर डेस्कटॉपची डिस्क काढून दोन-तीन महिने कपाटात ठेवा आणि बाकीचं मशीन डिस्कशिवाय द्या.

डिस्कसकट द्यायचं असेल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही, फाइली परत काढता येतात. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून टाकण्याबरोबर ड्राइव्ह साफ करण्याचाही पर्याय असतो, तो चालू करा. फिरती हार्ड डिस्क एकदा संपूर्ण वरून लिहून काढली की पुरते. एसएसडी आपल्या आत जागा सतत बदलत असते, त्यामुळे वरून लिहूनही काही भाग शिल्लक राहू शकतो. तिच्यासाठी बायोसमधलं किंवा कंपनीच्या प्रोग्राममधलं सिक्युअर इरेज वापरा, नाहीतर आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा आणि मग रीसेट करा. खात्याच्या उपकरणांच्या यादीतून मशीन काढा, बायोसचा पासवर्ड काढा, आणि डीव्हीडी ड्राइव्ह व कार्डाचा स्लॉट उघडून बघा.

जुन्या लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, बॅटरी टोचली जाईल असं काही करू नका आणि कचऱ्याच्या डब्यात तर टाकूच नका. डेटा काढायचा राहिला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून आधी बॅटरी काढून घ्या. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, त्यावर प्रत काढून घेता येते. काढलेली बॅटरी आणि बाकीचं मशीन ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, आणि बॅटरी फुगलेली आहे हे देताना सांगा.